‘ओव्हरग्रोन’ म्हणजे काय?



इंग्रजीच्या तासाला बाईंनी आम्हांला एक नवीन विशेषण शिकवले. ते म्हणजे ‘ओव्हरग्रोन’. हा शब्द आपल्या गावात पावसाळ्यात जागोजागी वापरता येतो. म्हणून त्याची माहिती मी येथे देत आहे.

‘ग्रो’ म्हणजे वाढणे. ‘ग्रो, ग्रू, ग्रोन’ अशी त्याची रूपे होतात. ‘ग्रोन’ म्हणजे वाढलेले. त्याच्या आधी ‘ओव्हर’ लावले की झाकून टाकेल इतके वाढलेले, असा अर्थ होतो. मराठीत यासाठी आपण ‘रान माजलंय’ असे म्हणतो. वाटेवर गवत वाढले तर माझी आजी म्हणते, ‘‘वाट बुजली गं बाई!’’

आता गंमत पाहा. मराठीत आपण म्हणतो, गवत माजलंय. म्हणजे गवताला नाव ठेवतो. इंग्रजीत मात्र हे विशेषण बहुतेक वेळा जागेला लावतात. वाढते गवत आणि ओव्हरग्रोन होते वाट! बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिले, ‘द पाथ इज ओव्हरग्रोन.’ नामाच्या आधी लावायचे असेल तर ‘ॲन ओव्हरग्रोन पाथ’ असे म्हणायचे. ‘ओ’ हा स्वर आहे, म्हणून ‘अ’ न म्हणता ‘ॲन’ म्हणायचे.

कशाने झाकले हे सांगायचे असेल तर पुढे ‘विथ’ येते. ‘द वेल इज ओव्हरग्रोन विथ वीड्स.’ म्हणजे विहिरीभोवती तण माजले आहे. ‘वीड’ म्हणजे तण. आपल्याकडे टाकळा आणि गाजरगवत फार उगवते. टाकळ्याची कोवळी पाने तरी भाजीला होतात. गाजरगवत मात्र काही कामाचे नाही. ते मूळचे आपले नाही, अमेरिका खंडातून आले. आपल्या देशात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसले आणि मग सगळीकडे पसरले. त्याच्या एका झाडाला हजारो बिया येतात. त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दम लागतो. म्हणून ते फुले येण्याआधीच उपटावे आणि उघड्या हाताने उपटू नये.

मग आम्ही सगळ्यांनी वाक्ये तयार केली. एक मुलगा म्हणाला, ‘‘आमचा ऊस ओव्हरग्रोन आहे.’’ बाई म्हणाल्या, ‘‘नाही. ऊस डोक्याच्या वर गेला तरी तो ‘टॉल’. त्याला तुझे बाबा पाणी देतात, खत घालतात.’’ मी विचारले, ‘‘मग डोंगरावरची देवराई? तिथं तर कुणी फांदीसुद्धा तोडत नाही.’’ बाई म्हणाल्या, ‘‘ती लोकांनी ठरवून राखली आहे. राखलेले रान वेगळे आणि टाकून दिलेले रान वेगळे.’’

माणसांनाही हा शब्द लावतात. मोठा माणूस लहान पोरासारखा वागला तर त्याला ‘ॲन ओव्हरग्रोन चाईल्ड’ म्हणतात. हे ऐकल्यावर मला माझा मामा आठवला. तो अजून लगोरीत आमच्याशी भांडतो.

मला या शब्दावरून एक गोष्ट कळली. झाड किती उंच आहे, ते हा शब्द सांगत नाही. तिथे माणसे येतात की नाही, ते सांगतो. आपण रोज चाललो की वाट मळते. कपडा मळला तर आई रागावते, पण वाट मळलेलीच चांगली. चालायचे थांबले की ती बुजते.

आता आपल्या गावातले खरे वाक्य सांगतो. ‘द पाथ टू अवर स्कूल इज ओव्हरग्रोन.’ वस्तीवरून शाळेत येणारी ओढ्याकाठची पायवाट पूर्वी मळलेली होती, कारण सगळ्या बाया विहिरीवर पाण्याला जायच्या. घरोघर नळ आले. हे चांगलेच झाले, आजीचे डोक्यावरचे हंडे सुटले. पण विहिरीवर जाणे बंद झाले. मोठी माणसे गाडीवरून डांबरी रस्त्याने जातात. तो रस्ता लांबचा आहे. त्यामुळे पायवाटेने आता आम्ही मुलेच येतो.

गवत माझ्या छातीला लागते. पहिलीतली मुलगी त्यात दिसतच नाही. आम्ही तिला मध्ये चालवतो. पुढचा मुलगा काठी आपटत चालतो. गवतात बेडूक आणि उंदीर असतात, त्यांच्या मागे साप येतात. घोणस तर वाळलेल्या पानांसारखी दिसते, पायाखाली येईपर्यंत कळत नाही. जोराचा पाऊस असला की वस्तीवरची लहान मुले घरीच राहतात. हजेरीत ‘गैरहजर’ लागते, पण वाट बुजली हे हजेरीत लिहीत नाहीत.

पालकहो, तुम्ही गाडीवरून येता, म्हणून तुम्हांला ही वाट दिसली नसेल. हे वाचून झाल्यावर एकदा शाळेच्या मागच्या बाजूने ओढ्यापर्यंत जाऊन पाहा. येत्या रविवारी पाच-सहा माणसे विळे घेऊन आली तरी सकाळभरात वाट मोकळी होईल. कापणे मोठ्यांनी करावे. कापलेल्या गवताचे भारे आम्ही मुले गोळा करू. त्यातले गाजरगवत वेगळे काढून बाकीचे गुरांना घालता येईल.

एकदा वाट मोकळी झाली की पुढचे काम आमचे. आम्ही रोज तिच्यावरून चालू आणि तिला मळवून ठेवू.

— वस्तीवरचा एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी