घोडेबाजारातील न मांडलेला हिशेब

मार्गशीर्षातील दत्तजयंती आली की तापीकाठच्या सारंगखेड्याकडे घोड्यांचे तांडे वळू लागतात. नंदुरबार जिल्ह्यातील एकमुखी दत्ताच्या या यात्रेत मारवाड, काठेवाड, पंजाब अशा दूरच्या मुलखांतील जनावरे येतात आणि वृत्तपत्रांतून लाखांचे, क्वचित कोटींचेही आकडे झळकतात. यांतील डोळे दिपविणारे आकडे बहुधा मालकाने सांगितलेल्या किमतीचे किंवा त्याने नाकारलेल्या मागणीचे असतात; झालेल्या व्यवहाराचे नव्हेत. परंतु ते वाचून एखादा होतकरू तरुण कर्ज काढून शिंगरू घरी आणतो, तेव्हा हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

समजा, दीड वर्षाचे शिंगरू ६० हजारांना घेतले आणि दोन वर्षे सांभाळून अडीच लाखांना विकले. ऐकणाऱ्याला हा चौपट नफा वाटतो. पण चारा, चंदी, नालबंदी व औषधपाणी यांपायी रोजचे अवघे २५० रुपये धरले, तरी दोन वर्षांत १ लाख ८२ हजार ५०० रुपये खर्ची पडतात. उरतात साडेसात हजार. त्यांतूनच कर्जाचे व्याज, चाबूकस्वाराचे वेतन आणि बाजारापर्यंतचे ट्रकभाडे भागवायचे! घरचा चारा व घरची माणसे हिशेबात धरली जात नाहीत, म्हणूनच हा धंदा पुष्कळांना किफायतशीर भासतो.

खरी मूल्यवृद्धी होते ती शिक्षणात. अंगाने कितीही देखणे असले तरी पाठीवर खोगीर न सोसणारे जनावर कच्चा मालच होय. त्याला लगामाची ओळख करून देणे, दुडकी व रेवाल चालीत पाय बसविणे, वरातीतील बँड आणि फटाक्यांच्या गदारोळात स्थिर उभे राहायला शिकविणे, ही महिनोगणतीची कामे आहेत. घाई अंगाशी येते. कोवळ्या हाडांवर अकाली भार पडला तर घोडा लंगडतो. एकदा मनात बसलेली धास्ती तर वर्षानुवर्षे जात नाही. मृत्यूची भरपाई विम्यातून मिळू शकते, पण बुजरा झाल्यामुळे निम्म्यावर आलेली किंमत कोणताही विमा भरून देत नाही. आणि ज्या चाबूकस्वाराच्या हातांनी ही किंमत घडते, त्याच्या वाट्याला मात्र बहुधा महिन्याचा पगारच येतो.

बाजाराचा आणखी एक चमत्कारिक न्याय आहे. खूर, दात व श्वास यांआधी गिऱ्हाईक भोवरे पाहते. गळ्यावरील देवमण शुभ, आणि अमुक जागचा भोवरा घरधन्याच्या मुळावर! या समजुतीपायी धडधाकट जनावर मातीमोलाने जाते. ते स्वस्तात घेणाऱ्या जाणत्यालाही पुढे याच समजुतीच्या बाजारात विकावे लागते. मग त्याच्या जाणतेपणाचा उपयोग काय?

शिवाय घोडा हे असे भांडवल आहे की ते रिकामे असतानाही खाते. २०२० च्या टाळेबंदीत वराती थांबल्या, माथेरानचे पर्यटक थांबले. पागेतील चंदी थांबली नाही. ग्लँडर्सचे संकट त्याहून दारुण. माणसालाही जडू शकणाऱ्या या रोगावर घोड्यासाठी लस नाही आणि बाधित जनावर ठेवून घेण्याची कायद्याने मुभाही नाही. ते मारावेच लागते. सरकारी भरपाई मिळते, पण बाजारभावाशी तिचा मेळ नसतो. लाखाचा घोडा आणि साधा टांग्याचा घोडा तिथे एकाच मापाने मोजला जातो.

यात्रेला महोत्सवाचे रूप देऊन शोभा वाढविण्यात शासनाने उत्साह दाखविला, हे चांगलेच झाले. परंतु रोषणाईवरील खर्चाचा थोडा भाग बाजारतळावरील तपासणीकडे वळविणे अधिक निकडीचे आहे. दातांवरून ठरविलेले वय, पायांची स्थिती आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा निकाल ही माहिती पशुवैद्याच्या सहीने विक्रीच्या पावतीवर नोंदली जावी. प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांचे भावही रोज संध्याकाळी फलकावर लावले जावेत. म्हणजे दुसऱ्या दिवशी दावणीपाशी उभ्या राहणाऱ्या नवख्याला सांगितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतील अंतर पैसे मोजण्यापूर्वी दिसेल.