तीन सुळेवाले, तीन घराणी

कोयनेच्या दाट जंगलात आणि विदर्भात ताडोब्यातही पिसोरी राहते. कुठे तिला गेळा म्हणतात. वजन जेमतेम तीन किलो, उंची फूटभर, अंगावर पांढुरक्या ठिपक्यांच्या ओळी. शिंगांचा पत्ता नाही, पण नराच्या वरच्या जबड्यातून बारीक सुळे खाली आलेले. हिमालयातला कस्तुरी मृग असाच बिनशिंगाचा आणि सुळेवाला. चीन-कोरियातल्या पाणथळ गवतात राहणारे जलहरीणही तसेच. तिघेही रवंथ करणारे, तिघेही समखुरी, तिघेही अंगाने लहान.

इतके साम्य दिसल्यावर जुन्या प्राणिशास्त्रज्ञांनी त्यांचे नाते जुळवले नसते तरच नवल. 1777 साली जर्मन अभ्यासक एर्क्सलेबेन याने श्रीलंकेतल्या पिसोरीला शास्त्रीय नाव दिले, तेच मुळी कस्तुरी मृगाच्या प्रजातीत घालून. पुढे उत्क्रांतीचा विचार आला तेव्हाही तर्क सरळ होता: सुळे आधीचे, शिंगे नंतरची; म्हणजे बिनशिंगाचे सुळेवाले हे जुन्या काळाचे अवशेष. तर्कात खोट काढता येत नाही. फक्त तो तिघांपैकी एकालाच लागू पडतो, आणि हे कळायला डीएनए वाचावा लागला.

त्यातही मायटोकाँड्रियाचा. शाळेच्या पुस्तकातल्या या तंतुकणिका पेशीला ऊर्जा पुरवतात हे सगळ्यांना पाठ असते. त्यांच्यापाशी स्वतःचा वेगळा डीएनए असतो हे मात्र बहुतेक जण परीक्षेनंतर विसरतात. सस्तन प्राण्यांत तो असतो सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा, वर्तुळाकार, 37 जनुकांचा. केंद्रकातल्या जवळपास 300 कोटी अक्षरांपुढे हे चिटोरेच. पण ते फक्त आईकडून येते, त्यामुळे दर पिढीत बापाच्या डीएनएशी सरमिसळ होत नाही. शिवाय एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून वाळलेल्या कातड्यातून किंवा जुन्या हाडातूनही ते हाती लागते.

जलहरणाचा उलगडा आधी झाला. 1998 मध्ये एत्तोरे रांदी आणि सहकाऱ्यांनी सायटोक्रोम-बी हे मायटोकाँड्रियातले एकच जनुक वेगवेगळ्या हरणांत तपासले. जलहरीण हरणांच्या झाडाच्या बुंध्याशी सापडायला हवे होते. ते निघाले युरोपातल्या रो हरणाच्या शेजारी, आणि रो हरणाला तर चांगली शिंगे असतात. म्हणजे जलहरणाच्या पूर्वजांनाही ती होती, नंतर गेली.

कस्तुरी मृगाने जास्त घाम काढला. मायटोकाँड्रियाचा डीएनए भराभर बदलतो. जवळची नाती शोधताना हे सोयीचे, पण फार मागे गेले की त्याच जागी पुन्हा पुन्हा बदल होऊन जुनी खूण पुसली जाते. हरणे, जिराफ, गाई-शेळ्या ही घराणी थोड्या अवधीत फुटली, त्यामुळे तिथे खुणा आधीच थोड्या. 2003 मध्ये आसानँ आणि दूझरी यांनी केंद्रकातली जनुकेही जोडीला घेतली, आणि कस्तुरी मृग हरणांपासून सुटून गाई-शेळ्यांच्या कुळाशेजारी जाऊन बसला.

उरली पिसोरी. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय पिसोरीचा संपूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम 2018 मध्ये प्रसिद्ध केला. तिची फांदी रवंथ करणाऱ्यांच्या झाडावर सगळ्यात खाली फुटते. शरीरही तेच सांगते: गाईच्या पोटात चार कप्पे, पिसोरीत तिसरा जवळजवळ नाहीच, पायाला चारही बोटे नीट वाढलेली. चितळ, गवा आणि जिराफ यांचे आपसात जेवढे जवळचे नाते आहे, तेवढे पिसोरीचे त्यांतल्या एकाशीही नाही.

2019 मध्ये याला वेगळ्याच बाजूने दुजोरा मिळाला. शिंगांच्या वाढीशी संबंधित असलेले आरएक्सएफपी2 हे केंद्रकातले जनुक कस्तुरी मृगात आणि जलहरणात निकामी झालेले आढळले, दोघांत स्वतंत्रपणे. या दोघांनी शिंगे गमावली. पिसोरीच्या घराण्यात ती कधी आलीच नव्हती.

रांदी यांनी वापरलेल्या त्याच सायटोक्रोम-बी जनुकाला आपल्याकडे पुढे वेगळेच काम मिळाले. सीसीएमबीतल्या सुनील वर्मा आणि लालजी सिंग यांनी त्याच्या एका तुकड्यावरून प्राण्याची जात ओळखण्याची रीत बसवली. शिकारीच्या प्रकरणात जप्त केलेल्या मांसाला खूर नसतात, सुळे नसतात, कातडेही बहुधा नसते. आरोपी बोकडाचे म्हणतो. ते पिसोरीचे निघाले तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची पहिली अनुसूची लागते, वाघाला लागते तीच.