एकाच विमानात चौघांचं तिकीट महाग का?

विमानातल्या सगळ्या जागा एका दराने विकल्या जात नाहीत. त्यांचे दरानुसार गट पाडलेले असतात. समजा, मुंबई-दिल्ली विमानात ४,५०० रुपयांच्या दोनच जागा उरल्या आहेत आणि पुढचा दर ६,००० आहे. चौघांचं तिकीट एकत्र शोधलं, तर बहुतेक यंत्रणा चारही जागा एकत्र मिळतील तो गट पकडतात आणि २४,००० मागतात. दोन-दोन करून काढली, तर २१,००० लागतात. कंपन्यांना मागणीनुसार दर ठरवू द्यावेत, हे मान्य. पण उरलेल्या स्वस्त जागा कुटुंबापासून लपून राहाव्यात, हे मला अन्यायाचं वाटतं. यावर कोणी म्हणेल, एकत्र तिकिटाला सोय असते. खरंच आहे: विमान रद्द झालं, तर एका पीएनआरवरच्या सगळ्यांची पर्यायी व्यवस्था सहसा एकत्रच होते, वेगळ्या तिकिटांवर ताटातूट होऊ शकते, आणि लहान मूल तर मोठ्यांबरोबरच हवं. पण ही सोय हवी की तीन हजार, हे प्रवाशाला ठरवता यायला हवं. तोवर पैसे भरण्याआधी एकाच माणसाचा दर एकदा शोधून पाहा. फरक दिसला तर दोन-दोन जागांचाही पाहा.