दरीतले शायान, उघड्यावरचे शायान

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात तीन कैदी पोलिसांच्या तावडीतून निसटतात आणि ऑक्सबो नावाच्या दुर्गम डोंगराळ भागात शिरतात. फरारी आरोपी पकडून देऊन इनामावर गुजराण करणारा लुईस गेट्स आपला घोडा आणि कुत्रा घेऊन त्यांच्या मागावर निघतो. कैदी हाती लागत नाहीत. हाती लागतं रक्ताळलेलं कापड आणि एक मोडका बाण. बाण घेऊन तो लिलियन स्लोन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंना गाठतो. बाण शायान या मूळ अमेरिकन जमातीच्या योद्ध्यांच्या धाटणीचा आहे हे त्या ओळखतात, पण ती हौशी माणसाने केलेली नक्कल असणार, असं त्यांचं ठाम मत. गेट्सचं समाधान होत नाही. तो वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळतो आणि ऑक्सबोत गेलेली कितीतरी माणसं परतलेलीच नाहीत, हे त्याच्या ध्यानात येतं. मग दोघं मिळून त्या रानात उतरतात.

१९९५ साली पडद्यावर आलेल्या 'लास्ट ऑफ द डॉगमेन' या सिनेमाची ही सुरुवात. लेखन आणि दिग्दर्शन टॅब मर्फी यांचं. प्रमुख भूमिका टॉम बेरेंजर आणि बार्बरा हर्शी यांच्या. धबधब्याआडच्या वाटेने पलीकडे गेलं की एक दरी लागते आणि तिथे शायानांची एक वस्ती शंभराहून अधिक वर्षं जगापासून लपून राहिलेली आहे, ही त्यातली कल्पना. ही माणसं १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडातून निसटलेल्यांचे वंशज. सिनेमा आजही बघण्यासारखा आहे. मात्र तो नीट कळायचा, तर सँड क्रीकला काय घडलं ते माहीत हवं.

सिनेमाच्या नावातले डॉगमेन म्हणजे 'डॉग सोल्जर्स', शायानांमधला सर्वांत कडवा योद्धागट. त्यांतले निवडक वीर अंगावर चामड्याचा लांब पट्टा बाळगत. लढाईत तो पट्टा खुंटीने जमिनीत ठोकायचा आणि आपले लोक सुखरूप निघून जाईपर्यंत तिथून हलायचं नाही, असा त्यांचा नेम. गोऱ्यांशी तह करायला या गटाचा विरोध होता. ब्लॅक केटल हा शायान प्रमुख मात्र तहाच्या बाजूचा. लष्कराने दिलेल्या भरवशावर त्याने कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी आपला तळ ठोकला. तंबूवर अमेरिकेचा झेंडा लावला, सोबत पांढरं निशाणही. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे कर्नल जॉन चिव्हिंग्टन सुमारे सातशे सैनिक घेऊन त्या तळावर चालून गेला. दीडशेहून अधिक माणसं मारली गेली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. कॅप्टन सायलस सोल याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही, पुढे चौकशीत साक्ष दिली, आणि काही महिन्यांतच डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. संसदेच्या समितीने हत्याकांडाचा कडक निषेध केला, शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

डॉग सोल्जर्सचा मुख्य जमाव त्या पहाटे तिथे नव्हता, तो दूर स्मोकी हिल नदीच्या मुलखात होता. ज्यांनी शब्दावर विश्वास ठेवला त्यांचाच घात झाला. त्यानंतर शायान तरुणांचा ओढा लढणाऱ्यांकडे वळला, तो यामुळेच. १८६८ मध्ये वॉशिटा नदीकाठी कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या हल्ल्यात ब्लॅक केटल मारला गेला, आणि १८६९ च्या जुलैत समिट स्प्रिंग्जला टॉल बुल हा नायक पडल्यावर डॉग सोल्जर्सची ताकद मोडली.

सिनेमा या जखमेवर फुंकर घालतो. कुठेतरी काही जण वाचले, त्यांना कुणी गाठलं नाही, ते आपल्या रीतीने सुखात आहेत, हे बघताना कुणालाही बरं वाटेल. शिवाय सिनेमाने काही गोष्टी मनापासून केल्या आहेत. इथले शायान आपापसात शायान भाषेत बोलतात. वस्तीतल्या यलो वुल्फ या योद्ध्याची भूमिका करणारे स्टीव्ह रीव्हिस हे मोंटानातल्याच ब्लॅकफीट जमातीचे. जॉन फोर्डसारख्या मातब्बर दिग्दर्शकाने १९६४ मध्ये 'शायान ऑटम' काढला, तेव्हा शायान नायकांच्या भूमिका मेक्सिकन वंशाच्या नटांकडे होत्या आणि गर्दीतले शायान होते नवाहो. त्या मानाने तीस वर्षांत हॉलिवूड बरंच पुढे सरकलं होतं.

'लास्ट ऑफ द डॉगमेन'मधला सर्वांत खरा प्रसंग मात्र औषधाचा आहे. वस्तीतला एक जण गोळीने जखमी होतो, जखम चिघळते. दरीतल्या वनौषधींचा उपयोग होत नाही. त्याला हवं असतं पेनिसिलिन, आणि ते आणायला गेट्सला जीव धोक्यात घालून शहर गाठावं लागतं. बाहेरची बंदूक दरीत पोहोचली की बाहेरचं औषधही लागणारच. काळ थांबवलेली वस्ती एका गोळीने हादरते, हे सिनेमाने प्रामाणिकपणे दाखवलं आहे. वस्तीचा ठावठिकाणा जगाला कळता कामा नये, असं गेट्स आणि लिलियन ठरवतात, तेही योग्यच.

कारण 'सापडलेल्या' माणसाचं काय होतं, याचं खरं उदाहरण अमेरिकेत आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी एक उपाशी, एकटा माणूस रानातून बाहेर आला. 'याही' नावाच्या जमातीतला तो शेवटचा, बाकीचे कत्तलींत आणि उपासमारीत संपलेले. त्याला इशी म्हणत. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात ठेवलं. रविवारी लोक त्याला बाणांची पाती घडवताना बघायला येत. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला. त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनला पाठवला गेला आणि तो २००० साली आप्त जमातींच्या हाती परत मिळाला.

शायानांचं तसं झालं नाही, आणि माझ्या मते सिनेमात राहून गेलेली मुख्य गोष्ट हीच. ते लपून वाचले नाहीत. शायानांच्या उत्तरेकडच्या शाखेला, म्हणजे उत्तर शायानांना, सरकारने आजच्या ओक्लाहोमात नेऊन टाकलं, तिथे हिवतापाने आणि उपासमारीने माणसं मरू लागली. १८७८ च्या सप्टेंबरात डल नाइफ आणि लिटल वुल्फ या प्रमुखांच्या मागे तीनशेहून अधिक जण पायी आणि घोड्यांवर उत्तरेकडे घरी निघाले, लष्कर पाठीवर असताना. डल नाइफचा गट नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनमध्ये कैद झाला. दक्षिणेला परत जायला नकार दिला म्हणून भर हिवाळ्यात त्यांचं अन्न आणि सरपण तोडलं. ९ जानेवारी १८७९ च्या रात्री बराकीच्या खिडक्यांतून ते बाहेर पडले. साठेक जण मारले गेले. लिटल वुल्फचे लोक मोंटानाला पोहोचले. १८८४ मध्ये त्याच मुलखात त्यांना राखीव भूमी मिळाली. आजही ती त्यांची आहे, आणि लेम डियर हे तिचं मुख्य गाव.

पुढची लढाई कोळशाची. राखीव भूमीखाली कोळशाचे थर आहेत, आणि निम्म्याहून अधिक जमीन कंपन्यांना भाडेपट्ट्याने देऊन झाली होती. १९७३ मध्ये जमातीच्या मंडळाने हे करार रद्द करण्याची मागणी केली. १९८० मध्ये संसदेने ते रद्द केले. दरम्यान १९७७ मध्ये शायानांनी आपल्या भूमीवरच्या हवेसाठी प्रदूषणाचे सर्वांत कडक निकष लागू करून घेतले. लेम डियरमध्ये डल नाइफच्या नावाचं महाविद्यालय आहे. सिनेटर झालेले उत्तर शायान नेते बेन नाइटहॉर्स कॅम्पबेल यांच्या पुढाकारातून सँड क्रीकची जागा २००७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून खुली झाली.

धबधब्याआडच्या दरीचं स्वप्न गोड आहे, पण त्यात शायान तेव्हाच खरे ठरतात, जेव्हा ते १८६४ साली होते तसेच राहतात. खऱ्या शायानांनी भाषा आणि विधी जपतानाच वकील उभे केले, कायदे वापरले, कॉलेज काढलं. त्यांना शोधायला कुणा गोऱ्या शिकाऱ्याची गरज नव्हती. सिनेमा जरूर बघा. दृश्यं आणि माणसं दोन्ही देखणी आहेत. पण तो संपल्यावर नकाशात ऑक्सबो शोधू नका. लेम डियर शोधा, आणि तिथल्या माणसांनी स्वतः लिहिलेला त्यांचा इतिहास वाचा.