ताशी नव्वदला थरथरणारी गाडी

नीरा नदी जिथं भीमेला मिळते, ते नरसिंहपूर म्हणजे पुणे जिल्ह्याचं आग्नेय टोक. संगमावरचा लक्ष्मी-नृसिंह अनेक मराठी घराण्यांचं कुलदैवत आहे, त्यामुळे नवी गाडी घेतली की दर्शनाला इकडे येणारी कुटुंबं पुष्कळ. हल्ली ती गाडी बहुधा एसयूव्ही असते. गावाकडच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर ती छान चालते. इंदापूरला पुणे-सोलापूर महामार्ग लागतो, काटा ८०च्या पुढे सरकतो आणि स्टिअरिंग हातात बारीक थरथरू लागतं. ११०च्या आसपास थरथर पुन्हा कमी होते. मालक बुचकळ्यात पडतो, कारण गाडीचा नवेपणाचा वास अजून गेलेला नसतो. मग कुणी म्हणतं, अलाइनमेंट करून घ्या. कुणी म्हणतं, टायर बदला. कुणी म्हणतं, आपले रस्तेच असले. या तिन्ही सल्ल्यांमध्ये एकच उणीव आहे. थरथर कधी येते, कुठं जाणवते आणि कशानं बदलते, हे कुणी विचारलेलंच नसतं. हे तीन प्रश्न आधी विचारले, तर बहुतेक वेळा दोष कमी खर्चात सापडतो. ते न विचारता काम सुरू केलं, तर पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

आधी ती एका ठरावीक वेगालाच का येते, ते पाहू. अनेक मध्यम एसयूव्हींना २३५/६५ आर १७ मापाचा टायर असतो. त्याचा व्यास सुमारे ७४ सेंटिमीटर भरतो आणि भार घेतलेलं चाक एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर पुढे जातं. म्हणजे ताशी १०० किलोमीटरला ते सेकंदाला सुमारे १२ फेऱ्या घेतं. अशा चाकाच्या रिमच्या कडेला एका बाजूला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर १००च्या वेगाला ते चाकाला जवळपास ४ किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, तेही सेकंदाला १२ वेळा दिशा बदलत. गोफण जितक्या जोरात फिरवावी तितका धोंडा हाताला ओढ देतो, तसंच हे आहे. वेग निम्मा केला की ओढ एक चतुर्थांश होते, म्हणून ५०ला तोच दोष किलोभर जोराचा उरतो आणि जाणवत नाही. तरीही वेग आणखी वाढवल्यावर थरथर कमी का व्हावी? चाक, हब आणि सस्पेन्शन यांचं मिळून स्वतःचं एक हेलकावण्याचं मान असतं, सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा. चाकाच्या फेऱ्या त्या मानाशी जुळल्या की बारीक धक्केही मोठे होऊन बसतात. वर घेतलेल्या टायरच्या फेऱ्या ८० ते ११० या वेगात त्याच टप्प्यात येतात. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेत मोटारींची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि साध्या रस्त्यावर ७० आहे. म्हणजे गावाकडच्या रस्त्यावर मर्यादा पाळून चालवलेल्या गाडीत हा दोष दडून राहतो आणि महामार्गावर उघडा पडतो. शोरूमच्या आसपास, शहराच्या गर्दीत मारलेल्या फेरीत तो सापडत नाही, यात नवल नाही.

आता थरथर कुठं जाणवते ते बघायचं. स्टिअरिंग हलत असेल, तर संशय पुढच्या चाकांवर. सीट किंवा पायाखालचा पत्रा थरथरत असेल, तर मागच्या. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल, तर बॅलन्सिंगवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. ब्रेकच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसणं हे त्याचं नेहमीचं कारण, आणि त्यासाठी काही शतांश मिलिमीटरचा फरकही पुरतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच हलत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे बघावे लागतात. मागच्या चाकांना किंवा चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत लांब प्रॉपेलर शाफ्ट असतो. तो चाकाच्या साडेतीन-चारपट वेगानं फिरतो, म्हणून त्याचा दोष थरथरीपेक्षा बारीक गुणगुणीसारखा लागतो. इंजिनावर संशय असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकच वेग धरून एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचे फेरे वाढूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन सुटलं आणि चाकाकडची काहीतरी भानगड ठरली. ज्याला आणखी नेमकं हवं, त्याच्या खिशात साधन आहेच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप केलं आहे, ते मोबाइलमधल्या संवेदकानं कंपनांची मोजणी करतं. चालकाशेजारी बसलेल्या माणसानं फोन गाडीच्या तळावर पक्का ठेवून १००च्या वेगाला मोजलं आणि सेकंदाला १२च्या आसपास आकडा आला, तर चाकाचा असमतोल. २४च्या आसपास आला, तर चाकाच्या एका फेरीत दोन धक्के, म्हणजे टायर किंवा रिम किंचित लंबगोल असण्याची शक्यता.

नवी गाडी असूनही चाक असमतोल का व्हावं, याचं आपल्या भागातलं पहिलं उत्तर मातीत आहे. बारामती-इंदापूर हा उसाचा पट्टा. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, माळेगाव, सोमेश्वर असे कारखाने याच पट्ट्यात आहेत. गळीत हंगामात फडातून निघालेला ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन ट्रॉल्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सांडत जातात. ही माती ओली असताना लगद्यासारखी धरते आणि वाळली की दगडासारखी होते. एसयूव्हीचं अलॉय रिम आतून खोल आणि रुंद असतं. बाहेरून गाडी चकाचक धुतली, तरी आतल्या बाजूला चिखलाची एक पट्टी बसून राहते. ६० ग्रॅमचा गोळा १००च्या वेगाला ७ किलोच्या वर ओढ देतो. म्हणून तक्रार घेऊन कुठंही जाण्याआधी चारही चाकांची आतली बाजू धुऊन, खरवडून घ्यावी आणि पुन्हा महामार्गावर एक फेरी मारावी. चिखल साचलेला असताना चाक मशिनवर चढवलं, तर यंत्र चिखलाचंच वजन धरून समोर वजनं चिकटवायला सांगतं. पुढं चिखल गळून पडला की उलटा असमतोल तयार.

दुसरं उत्तर गाडीच्या प्रवासात आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या टायरमध्ये उभं राहून चपटेपणा येऊ नये म्हणून हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. ग्राहकाच्या हाती देण्याआधी ती उतरवायची असते, पण हे काम कधीकधी राहून जातं आणि गाडी रस्त्यावरचा खडा न् खडा अंगावर घेते. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या खांबावर लावलेल्या पट्टीवर छापलेला असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. गाडी यार्डात महिनोन् महिने एकाच जागी उभी राहिली, तर टायरला चपटे डाग पडतात. थोड्या दिवसांचे डाग अर्धा तास चालवून टायर गरम झाला की मोडतात, पुष्कळ काळाचे मोडत नाहीत. टायर किती जुना आहे, हे त्याच्या कडेवरच्या चार आकड्यांवरून कळतं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. गाडी ताब्यात घेताना हे चारही टायरवर वाचण्यात दोन मिनिटं जातात.

माती धुतली, हवा बरोबर केली, तरी थरथर उरली, तर खरं बॅलन्सिंग. असमतोल दोन तऱ्हांचा असतो. चाक वर-खाली आपटतं तो एक. रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेची वजनं एकमेकांविरुद्ध बसल्यानं चाक डावीकडे-उजवीकडे वळवळतं तो दुसरा. रुंद टायरच्या एसयूव्हीत दुसरा दुर्लक्षून चालत नाही, म्हणून वजनं दोन्ही कडांना बसवावी लागतात. फक्त बाहेरून दिसतील तिथं ती चिकटवणं पुरत नाही. यंत्र चांगलं असलं तरी चाक त्यावर मधोमध बसलं नसेल, तर ते चुकीचं बोलतं. याची तपासणी सोपी आहे. यंत्रानं शून्य-शून्य दाखवल्यावर चाक सोडायचं, अर्धा वळसा फिरवून पुन्हा आवळायचं आणि परत फिरवायचं. आता १५-२० ग्रॅम दिसले, तर चाक नीट बसलेलंच नव्हतं. जुनी चिकट वजनं काढून रिम पुसून कोरडं न करता नवी लावली, तर प्रेशरच्या पाण्याखाली ती उडतात. गाडीवर चाक परत चढवताना हबचा गंज आणि माती साफ करावी आणि नट समोरासमोर, ठरवलेल्या जोरानंच आवळावेत. हवेच्या गननं एका फेरीत करकचून आवळलेले नट चाक तिरकं बसवू शकतात.

इथं एक रास्त आक्षेप येतो: यंत्र शून्य दाखवतं, मेकॅनिकनं सगळं नीट केलं, तरी गाडी थरथरते, मग ही सगळी चर्चा कशाला? याचं उत्तर असं की साधं यंत्र चाक हवेत फिरवतं, आणि गाडीखाली चाक भाराखाली फिरतं. टायर रबर, कापड आणि पोलादी तारांच्या थरांनी बनतो. एखाद्या जागी तो किंचित कडक असला, तर वजन समतोल असूनही तेवढा भाग रस्त्यावर येताना गाडीला ढकलतो. हा दोष वजनं लावून जात नाही. रोलर दाबून भाराखाली मोजणारी यंत्रं असतात, पण ती मोजक्या ठिकाणी. तोवर दोन उपाय हाताशी आहेत. टायर रिमवर अर्धा फिरवून बसवला, तर टायरची उंच बाजू रिमच्या खोल बाजूवर येऊन दोष पुष्कळदा निम्म्यावर येतो. काही नव्या टायरवर पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो आणि लाल ठिपका कडक बाजू दाखवतो, ते याचसाठी. दुसरा उपाय म्हणजे पुढची चाकं मागे टाकणं. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली, तर दोष त्या दोन चाकांत आहे हे निःसंशय ठरतं आणि मग एकेक चाक स्टेपनीशी बदलून गुन्हेगार पकडता येतो. मात्र स्टेपनी मुख्य चाकाच्याच मापाची असेल तरच हे करावं.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा. रस्ते खराब असतात हे खरं आहे, पण खराब रस्त्याची थरथर रस्त्याबरोबर बदलते आणि चाकाची थरथर वेगाबरोबर. वेगवेगळ्या दोन चांगल्या रस्त्यांवर ती त्याच वेगाला येत असेल, तर रस्ता निर्दोष आहे. काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या खाचांमुळे गुणगुण येते. ती डांबरावर चढताच थांबते, एवढं तपासलं की पुरे. अलाइनमेंटचा सल्लाही याच कसोटीला लावावा. अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडं राहतं, गाडी टायर खाते. थरथर ते सहसा आणत नाही. दोन्ही कामं एकाच बिलात येतात म्हणून ती एकच आहेत असा समज पसरला आहे, आणि तोच ग्राहकाला महागात पडतो.

उरतो तिसरा आक्षेप: आम्ही ६०च्या वर जातच नाही, मग कशाला एवढं करायचं? ६०ला न जाणवणारा असमतोलही टायरवर खळगे पाडतो आणि बेअरिंग, शॉकअप यांना झिजवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २० ते ४०च्या वेगाला गाडी हेलकावत असेल, तर ते साधं बॅलन्सिंग बहुधा नसतं. टायरला फुगा आलेला असू शकतो, आतले थर सुटलेले असू शकतात, किंवा पंक्चर काढल्यावर नट सैल राहिलेले असू शकतात. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन चाकं बघावीत. फुगा असेल तर स्टेपनी लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. चाक काढून बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत, हा नियम रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यानं काम केलं असेल तर अधिकच पाळावा.

नव्या गाडीच्या मालकाला हे सगळं माहीत असणं का गरजेचं आहे, तर टायरची हमी सहसा गाडीच्या कंपनीची नसते, टायर कंपनीची वेगळी असते. दोष कुणाचा हे ठरलं नाही, तर मालक दोन्हींमध्ये चेंडूसारखा फिरतो. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर 'गाडी व्हायब्रेट होते' एवढंच लिहू देऊ नये. कोणत्या वेगाला, कुठं, ब्रेकवर की ब्रेकशिवाय, चाकं बदलल्यावर काय झालं, हे लिहून घ्यावं. बॅलन्सिंगच्या आधी आणि नंतर प्रत्येक चाकाला किती ग्रॅमचा फरक होता, तो आकडा मागावा आणि तंत्रज्ञाला शेजारी बसवून त्याच वेगाला फेरी मारावी. तक्रार अडून बसलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचा जिल्हा आयोग आहे. तिथंही हाच लेखी तपशील कामाला येतो. लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीत नीट मोजून केलेलं काम मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि दोष कधी व कुठं जाणवतो हे नेमकं सांगणं ही त्याची जबाबदारी.