एका खुणेचे दोन अर्थ : असेंब्ली आणि बदलते प्रोसेसर

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या घरांत 'शिक्षा' हा शब्द जपून वापरावा लागतो, हे आपणांस सांगायला नको. मराठीत ती गुन्ह्याबद्दल होते, हिंदीत शाळेत मिळते. शब्द अगदीच अनोळखी असता तर माणूस अर्थ विचारून घेतो. ओळखीचा असल्यामुळेच फसतो. संगणकाच्या आज्ञांतही नेमकी अशी एक फसगत आहे. ती समजायला संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. मी तर होमिओपॅथीचा डॉक्टर आहे.

प्रोसेसरमध्ये 'रजिस्टर' नावाचे मोजके कप्पे असतात आणि आकडेमोड त्यांत चालते. प्रोग्राम लिहितात तो 'सी'सारख्या भाषेत. कंपायलर त्याचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करतो आणि कोणता आकडा कोणत्या कप्प्यात ठेवायचा हेही तोच ठरवतो. पण प्रोसेसरच्या काही सोयींसाठी 'सी'मध्ये शब्दच नसतो. मग मध्येच दोन-चार ओळी थेट प्रोसेसरच्या आज्ञांच्या घालतात. हीच इनलाइन असेंब्ली. 'जीसीसी' हा कंपायलर या ओळींचा अर्थ लावत बसत नाही, त्या तशाच पुढे पाठवतो. म्हणून उत्तर कोणत्या कप्प्यात येईल आणि कोणते कप्पे बिघडतील, हे त्याला खुणांनी वेगळे कळवावे लागते.

आता खुणेची गोष्ट. १९९३च्या पेंटियमबरोबर 'आरडीटीएससी' ही आज्ञा आली. प्रोसेसर सुरू झाल्यापासूनच्या ठोक्यांची संख्या ती ६४ बिटांत देते. तेव्हाचे कप्पे ३२ बिटांचे, म्हणून खालचा अर्धा आकडा 'ईएएक्स'मध्ये आणि वरचा 'ईडीएक्स'मध्ये येई. जीसीसीमध्ये कॅपिटल 'ए' या खुणेचा अर्थ होता 'या दोन कप्प्यांची जोडी'. सोयीची खूण होती, लोकांनी वापरली.

एएमडीचा ६४ बिटांचा ऑप्टेरॉन २००३मध्ये आला. आता अख्खा आकडा एकाच कप्प्यात मावू लागला, आणि तिथे त्याच खुणेचा अर्थ झाला 'दोहोंपैकी कोणताही एक'. आरडीटीएससीने मात्र आपली सवय सोडली नाही. ती अजूनही अर्धा इकडे, अर्धा तिकडे ठेवते. जुना प्रोग्राम नव्या यंत्रासाठी कंपाइल केला की अर्धा आकडा गळतो, आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही. आमच्या चिठ्ठीवरचे 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच उजवा डोळा. औषधांच्या दुकानातला माणूस निदान फोन करून विचारतो.

यातली वाईट गोष्ट अशी, की चूक लगेच दिसत नाही. ३ गिगाहर्ट्झच्या गतीने खालचे ३२ बिट साधारण १.४ सेकंदांत भरतात आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतात. चाचणीत अर्ध्या सेकंदाचे काम मोजले, तर उत्तर बहुतेक वेळा बरोबरच येते. दहा सेकंदांचे काम मोजल्यावर मात्र आकडे भलतेच निघतात.

उपाय साधा आहे. जोडीची खूण सोडायची, लहान 'ए' आणि लहान 'डी' या खुणांनी दोन अर्धे वेगवेगळे घ्यायचे, वरचा अर्धा ३२ घरे डावीकडे सरकवून खालच्याला जोडायचा. हे दोन्ही पिढ्यांच्या प्रोसेसरवर एकाच अर्थाने चालते. त्याहून बरे म्हणजे याच कामासाठी कंपायलरने दिलेले तयार फंक्शन वापरणे.

२०२० पासून ॲपलचे मॅक एआरएम घराण्याच्या प्रोसेसरवर येऊ लागले. तिथे आरडीटीएससी हा शब्दच नाही, त्यामुळे प्रोग्राम तयारच होत नाही. मला हे कमी धोक्याचे वाटते. चूक निदान समोर तरी येते. एआरएमसाठी वेगळ्या ओळी लिहाव्या लागतात. शिवाय तिथला गणक प्रोसेसरच्या ठोक्यांनी नव्हे, स्वतःच्या ठरावीक गतीने चालतो. म्हणून ठोके ठोक्यांशी न ताडता आधी सेकंदांत बदलून घ्यावेत. यांपैकी काहीच नसलेल्या यंत्रासाठी साध्या 'सी'तले घड्याळ ठेवावे, ते थोडे संथ असले तरी. आणि अशा यंत्रागणिक बदलणाऱ्या ओळी प्रोग्रामभर विखरू नयेत. लिनक्समध्ये त्यांच्यासाठी 'आर्च' नावाची स्वतंत्र शाखा आहे आणि तिच्यात प्रत्येक प्रोसेसर-घराण्याचा कप्पा वेगळा आहे.