बेहड्याचे झाड आणि धनेशाचे घरटे

घरात कुणाचे पोट बिघडले म्हणजे आजीबाईच्या बटव्यातून त्रिफळा चूर्णाची पुडी निघते. हिरडा, बेहडा आणि आवळा ही तिन्ही फळे आमच्या वाचकांस नवी नाहीत. निपाणी-अथणीकडील चर्मकार बांधवांना तर हिरडा अधिकच जवळचा. कातडे कमावताना बाभळीच्या सालीबरोबर तो लागतो, आणि ज्या कोल्हापुरी चपलेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या तळव्यात या रानफळाचा अंश असतो. सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच मान मिळवून देण्याचे काम एका चपलेने केले, याची आम्हांस मोठी गंमत वाटते. असो.

आज लिहावयाचे आहे ते बेहड्याविषयी. हा वृक्ष उंच वाढतो, त्याचा बुंधा प्रचंड होतो. परंतु लाकूड हलके व लवकर किडणारे. सुताराच्या दृष्टीने त्याची किंमत ती काय? खोकी करावीत, नाहीतर जळणास घालावे. मात्र माणसाच्या दृष्टीने जो दोष, तोच धनेश पक्ष्याच्या दृष्टीने गुण ठरतो. जुन्या बेहड्याच्या खोडात मोठाल्या ढोल्या पडतात, आणि धनेशाला अशीच ढोली हवी असते.

या पक्ष्याचा संसार मोठा विलक्षण आहे. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व माती यांच्या लेपाने दार आतून लिंपून घेते; चोच बाहेर निघेल एवढी फट मात्र ठेवते. पुढे कित्येक आठवडे ती त्या कोठडीतच राहते. नर रानोमाळ हिंडून उंबर-वडाची फळे आणतो व त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवितो. नर मेला, तर आतील कुटुंबावर उपासमार ओढवते. झाड तोडले, तर पुढल्या वर्षी त्या जोडप्याने जावे कोठे? कणकुंबीच्या रस्त्याने जाताना माथ्यावरून गेलेल्या मोठ्या धनेशाच्या पंखांचा घोंघावणारा आवाज आम्ही एकदा ऐकला आहे. प्रथम वाटले, मागून एखादे वाहनच येत आहे!

आता मुख्य गोष्टीकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी रान फार थोडे. बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे. घरात लग्न किंवा आजारपण निघाले की मालक ठेकेदारास बोलावतो आणि उभे रान जळाऊ लाकडाच्या भावाने जाते. त्याला दोष देणे सोपे आहे. पण धनेशाने त्याच्या मुलीचे लग्न करून दिलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने नेमका हा विचार केला. डॉ. अर्चना गोडबोले व जयंत सरनाईक यांनी देवरायांच्या रक्षणाचे काम करता करता असे ठरविले की, झाड उभे ठेवण्यातच मालकाला पैसा दिसला पाहिजे. २००१ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी दोघांनी 'पुक्का' नावाची औषधी चहाची लहानशी पेढी काढली होती. तिला बेहडा व हिरडा हवा होता. २००८ साली स्थापन झालेल्या 'फेअरवाइल्ड' या संस्थेचे नियम स्वीकारून संगमेश्वराकडे बेहडा आणि भीमाशंकराच्या परिसरात महादेव कोळी बांधवांकडून हिरडा गोळा होऊ लागला. नियम साधे आहेत. फांदी तोडावयाची नाही, सगळे फळ न्यावयाचे नाही, पशुपक्ष्यांचा व नव्या रोपांचा वाटा झाडाखालीच ठेवावयाचा. खरेदीदाराने रास्त भाव द्यावयाचा आणि त्यावर गावाच्या कामासाठी वेगळी रक्कम ठेवावयाची. फळ स्वच्छ वाळविणे हे यातील खरे कष्टाचे काम. बुरशी लागलेला माल परदेशात कोण घेणार?

निपाणीच्या वाचकांस भावाचे महत्त्व आम्ही काय सांगावे? पिकविणारा एक आणि भाव ठरविणारा दुसरा, हे दुःख १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर उतरले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. म्हणूनच या बेहड्याच्या व्यवहाराकडे आम्ही कौतुकाने पाहतो, तरी डोळे मिटून नव्हे. २०१७ साली ती ब्रिस्टलची पेढी युनिलिव्हर या अवाढव्य कंपनीने विकत घेतली. दूरदेशीच्या एका कचेरीतील निर्णयावर कोकणातील पक्ष्याचे घरटे अवलंबून राहावे, हे काही फार भक्कम बांधकाम नव्हे. गिऱ्हाईक चार ठिकाणी असावे. त्यांतले एखादे तरी आपल्या बाजारपेठेतले असावे.

मंगोलिया देशात १९९८ पासून चाललेला एक उपक्रम आम्हांस या बाबतीत अधिक चतुर वाटतो. तेथील धनगर स्त्रिया लोकरीच्या वस्तू करून विकतात. त्या भागात वर्षभर एकही हिमबिबट्या मारला गेला नाही, तर त्यांना किमतीवर बक्षीस मिळते. एकाने शिकार केली तर सर्वांचेच बक्षीस बुडते. शेजाऱ्याचा धाक पोलिसाच्या धाकाहून मोठा असतो, हे खेड्यात वाढलेल्यांना पटवून द्यावे लागत नाही.

आपल्या खानापूर तालुक्यात असे काही होऊ शकेल काय? भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. अभयारण्यातील वनोपज विक्रीसाठी काढण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण हद्दीबाहेरच्या मालकीच्या रानांत, शेतांच्या बांधांवर बेहडा, हिरडा, कोकम, फणस आहेतच. तेथे एकट्याने फळ विकू जाणारा व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसेल. दहा घरांनी मिळून वाळवून, निवडून, पोती भरून ठेवली तर व्यापाऱ्यालाच दारी यावे लागेल. बेळगावात आयुर्वेदाच्या औषधांस गिऱ्हाईक नाही असे थोडेच आहे?

ज्यांच्या बांधावर बेहड्याचे जुने झाड असेल, त्यांनी येत्या फाल्गुन-चैत्रात खोडाखाली जरा निरखून पाहावे. ढोलीच्या बरोबर खाली उंबराचे व इतर रानफळांच्या बियांचे ढीग पडले असतील आणि वर दाराला मातीचा लेप दिसत असेल, तर आत कुटुंब नांदत आहे असे समजावे. अशा वेळी झाडाखाली मुलांची गर्दी होऊ देऊ नये. माणसांची वर्दळ असली की नर चोचीत फळ घेऊन दूरच्या फांदीवर तासन्‌तास बसून राहतो, आणि आत पिले उपाशी असतात.